परसातला मका आणि डांगर: खरीप २०२५च्या नोंदी

१ जून
गेल्या वर्षीची वही काढून बसले. मका आणि डांगर एकाच दिवशी, एकाच वाफ्यात टोकले होते, आणि ते दोघांनाही मानवलं नाही. (डांगर म्हणजे लाल भोपळा. आमच्या निफाडकडे डांगरच म्हणतात.) डांगराचं पान पंधरा दिवसांत तळहाताएवढं होतं, तेवढ्या दिवसांत मका वीतभरही नसतो. रोपं पानांखाली दबली. जी वर आली त्यांना वेलाच्या ताण्यांनी धरलं, आणि ऑगस्टातल्या एका वाऱ्याच्या रात्रीत आठ ताटं वेलासकट आडवी झाली. ४८ ठिकाणी टोकलं होतं, भरलेली कणसं मिळाली १९. डांगराची आळी (बी लावायचे खड्डे) आठ होती, पिकलेली फळं तीन.

तरी पुन्हा करणार आहे. कारण एक तर परसात जागा तेवढीच, विहिरीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत. दुसरं कारण आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची ऋषिपंचमी असते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीच्या भाजीत सगळं परसातलं, हातानं लावलेलं. त्या भाजीत मक्याचं कणीस हवं, डांगर हवं. गेली काही वर्षं आम्ही दोन्ही बाजारातून आणतो, आणि बाजारचा मका ट्रॅक्टरच्या शेतातला असतो हे आईंना ठाऊक आहे. त्या काही बोलत नाहीत. कणीस हातात घेऊन जरा थांबतात, एवढंच.

यंदा ऋषिपंचमी २८ ऑगस्टला. गोड मक्याला आमच्याकडे खरिपात ७५ ते ८० दिवस लागतात. उलटं मोजलं तर टोकणी १० जूनच्या आसपास.

४ जून
यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. काळी जमीन चिकणमातीसारखी झाली आहे, कुदळ मारली की ढेकळाऐवजी वडी निघते. वाफसा, म्हणजे खणता येईल एवढाच ओलावा, यायला चार दिवस थांबले. आज सकाळी मूठभर माती दाबून बघितली. गोळा झाला, बोटानं टिचकी मारल्यावर फुटला. मग खणायला घेतलं.

सगळं कुदळीनं. हे म्हणाले, छोटा पॉवर टिलर आणून देतो, अर्ध्या तासाचं काम. नको म्हटलं. नियम पाळायचा तर मुळापासून पाळू.

वाफा १२ फूट लांब, ८ फूट रुंद. त्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला सात-आठ फूट मोकळी जागा ठेवली, वेल तिकडे सोडायचे. गेल्या वर्षी ही जागाच ठेवली नव्हती. पलीकडे गोठ्याच्या बाजूला ६ बाय ८चा दुसरा तुकडा. तिथे नुसता मका, डांगर नाही. शेजारी काहीतरी ताडून बघायला असल्याशिवाय कुणामुळे काय झालं ते कळत नाही.

कुजलेलं शेणखत मोठ्या वाफ्यात पाच घमेली, लहानात अडीच.

११ जून
काल वटपौर्णिमा झाली, आज टोकणी. गोड मक्याचं संकरित बी, दुकानातून पाव किलोचं पाकीट. गोड मक्याचं बी हातात घेतलं की दरवेळी वाटतं, खराब तर नाही? सुरकुतलेलं, हलकं, काचेसारखं. पण ते तसंच असतं. दाण्यात साखरेचं पीठ होत नाही, म्हणून वाळल्यावर आत भराव राहत नाही आणि साल आत ओढली जाते. भराव कमी म्हणजे रोपाची शिदोरीही कमी, म्हणून हे बी खोल टोकायचं नाही. बोटाच्या दीड पेराएवढं.

चार ओळी, दोन ओळींत अडीच फूट, दोन रोपांत एक फूट. एका ठिकाणी दोन दाणे. एक लांब ओळ न करता चार आखूड ओळी केल्या, कारण मक्याचं परागीकरण वारा करतो. तुऱ्यातले पराग खाली गळतात आणि वाऱ्यानं शेजारच्या कणसाच्या केसांवर पडतात. एकच ओळ असली तर अर्धे पराग वाया जातात आणि कणसं दातपडकी निघतात. परसात चार-सहा ताटं कुंपणाला लावून कणीस भरलं नाही म्हणून बियाण्याला नावं ठेवणारे पुष्कळ बघितले. ताटं चौकोनात लावा.

१७ जून
उगवण चांगली. ४८ ठिकाणांपैकी ४३ वर. नांगे भरायला रात्रभर भिजवलेले दाणे टाकले. उशिरा आलेलं रोप मागेच राहतं, पण जागा रिकामी नको. कावळ्यांनी दोन रोपं उपटून दाणा खाल्ला.

२९ जून
आज डांगर टोकलं. मका टोकल्याला अठरा दिवस झाले, रोपं गुडघ्याच्या निम्म्यावर, सहा पानांवर. यंदाच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा हे अठरा दिवस आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मका आणि भोपळा दोघांचंही माहेर अमेरिका खंड. मेक्सिकोत मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात घ्यायची पद्धत फार जुनी आहे, त्या रानाला मिल्पा म्हणतात. उत्तर अमेरिकेतले हौदेनोसौनी लोक या तिघांना तीन बहिणी म्हणतात. मातीचे उंचवटे करून त्यावर आधी मका लावायचा, तो थोडा उंच झाला की घेवडा, मग भोपळा. घेवडा मक्यावर चढतो, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, भोपळा जमीन झाकतो. हे मी आधी वाचलेलं होतं. वाचताना तिघांचा एकोपा लक्षात राहिला, 'आधी' आणि 'मग' हे दोन शब्द नजरेतून सुटले. खरं काम त्या दोन शब्दांत आहे. मक्याचं पोर उभं राहायच्या आत भोपळा आला तर तो एकोपा नाही, दडपणं आहे.

फार उशीरही चालणार नाही. मका कमरेला आल्यावर डांगर टोकलं तर त्याला ऊन मिळत नाही, वेल पांढुरके आणि लांबट होतात. तीन आठवड्यांच्या आत, मका वीतभराच्या वर गेला की, असा माझा अंदाज. यंदा तो कळेल.

आळी आठ नाहीत, तीनच. मक्याच्या ओळींमध्येही नाहीत. दोन पूर्वेच्या कडेला, एक दक्षिणेला, मक्यापासून दीड फूट बाहेर. प्रत्येक आळ्यात घमेलंभर शेणखत आणि चार बिया, त्यातली दोनच रोपं ठेवणार. बी माहेरचं, माझ्या आईनं राखेत घोळून ठेवलेलं. टोक खाली करून आडवं लावलं.

घेवड्याऐवजी आपल्याकडे चवळी शोभली असती. यंदा नाही. आधी या दोघांचं नीट जमू दे.

५ जुलै
सकाळी मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, ओला भुसा दिसला, आणि पानांवर एका रेषेत भोकं. पोंगा उलगडला, आत लष्करी अळी. धाकट्या लेकीला हाक मारून दाखवली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटाकडच्या एका वळ्यावर चार काळे ठिपके, चौकोनात. एकदा पाहिलं की कुणी चुकत नाही. ही अळीही अमेरिकेतलीच, आपल्या देशात २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तेव्हापासून मका लावायचा म्हणजे दर दोन दिवसांनी पोंगा बघायचा, याला सुट्टी नाही.

शेताला फवारणी लागते, परसाला डोळे आणि बोटं पुरतात. ४६ ताटं, वीस मिनिटं. ११ ताटांत अळ्या मिळाल्या. एका पोंग्यात मोठी अळी एकच असते, कारण त्या एकमेकींना खातात. काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या. पोंग्यात चिमूटभर चुलीची चाळलेली राख सोडली. संध्याकाळी निंबोळी अर्क: पाव किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवलेली, फडक्यानं गाळून पाच लिटर पाणी, थोडा साबणाचा चुरा. झारीनं पोंग्यात.

पानाच्या मागे केसाळ आवरणाखाली अंड्यांचा पुंजका मिळाला तर ते पानच चुरडायचं. आज दोन मिळाले. त्या दोन पुंजक्यांत अळ्यांची एक फौजच होती, म्हणून आजचं काम त्या दोन पानांनीच भागलं असं मला वाटतं.

९ जुलै
डांगराची रोपं वर आली आणि तांबडे भुंगे हजर. पहिली दोन जाड पानं चाळणीसारखी केली. पहाटे दंव असताना हे भुंगे सुस्त असतात, उडत नाहीत, हातानं वेचता येतात. सूर्य वर आला की हाती लागत नाहीत. साडेपाचला उठून वेचते आहे, आज १४. पानांवर राख. खरी पानं चार झाली की मग एवढं भ्यायचं कारण नाही.

लष्करी अळी: ४ ताटांत. कमी होते आहे.

२० जुलै
मका कमरेएवढा. भर दिली, म्हणजे ताटांच्या बुडाशी माती ओढली. ताटाच्या बुडाशी जमिनीच्या वर मुळ्यांचं कडं दिसायला लागलं आहे, ती मुळं मातीत गेली की ताट वाऱ्याला उभं राहतं. गेल्या वर्षी वेलांमुळे आत शिरताच आलं नव्हतं, भर राहून गेली, आणि ताटं पडायचं ते मोठं कारण होतं असं आता वाटतं. म्हणजे डांगर उशिरा लावायचा दुसरा फायदा हा: भर देईपर्यंत ओळीत चालता येतं.

खताचा हिशोब. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र सांगतात. माझा वाफा नऊ चौरस मीटरला जरा कमी, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के, तर पाव किलोच्या आत युरिया. शेणखत भरपूर असल्यानं मी निम्माच दिला, त्याचेही दोन हप्ते, एक आज आणि एक तुरा यायच्या आधी. ताटापासून चार बोटं लांब, मातीत झाकून. डांगराला युरिया नाही. त्याला नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि मादी फुलं धरत नाही.

वेल दोन-अडीच हात झाले. सगळ्यांची तोंडं बाहेर वळवली, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, आणि प्रत्येकी एकच फाटा मक्याच्या ओळीत सोडला. पेऱ्यावर ओंजळभर माती टाकली की तिथून मुळं फुटतात आणि वेल जागेवर राहतो. एका ताण्यानं मक्याचं ताट धरलं होतं. सोडवायला गेले तर स्प्रिंगसारखा पिळलेला, आणि गंमत म्हणजे मधे पिळाची दिशा बदललेली: निम्मा उजवीकडे, निम्मा डावीकडे. दोन्ही टोकं बांधलेली असताना पीळ द्यायचा तर असाच द्यावा लागतो. कात्रीनं कापला. वेलाला वळवायचं काम दर तीन-चार दिवसांनी करावं लागणार.

३० जुलै
काल नागपंचमी, खुरपं हातात घेतलं नाही. आज खुरपणी.

डांगर असलेल्या वाफ्यात २५ मिनिटं, नुसत्या मक्याच्या तुकड्यात ४० मिनिटं. तो तुकडा आकारानं निम्मा आहे, हे लक्षात घ्यायला हवं. वेलाच्या पानांखाली गवत उगवलं होतं पण पिवळं, नाजूक, ओढलं की येत होतं. केना मात्र सावलीतही खुशाल वाढतो. त्याच्या पेऱ्यांनाही मुळं फुटतात, तो वेचून बाहेर टाकावाच लागतो. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या.

पानाखाली हात घातला तर माती गार आणि भुसभुशीत. आठ दिवस पाऊस नव्हता, गोठ्याकडच्या तुकड्यात भेगा पडायला सुरुवात झाली होती. काळ्या मातीत हा फरक फार मोठा. डांगराच्या पानांचं खरं मोल इथे आहे, फळ नंतर.

६ ऑगस्ट
तुरे आले आणि मागोमाग केस. एक कणीस रोज बघते आहे. पहिल्या दिवशी पानांच्या टोकातून चार-पाच फिकट हिरवट धागे, ओलसर, बोटाला चिकटणारे. दुसऱ्या दिवशी मिशांएवढे. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्यापर्यंत जातो. जेवढे केस तेवढे होऊ शकणारे दाणे. परागकण केसावर पडला की तो त्या केसाच्या आतून नळी काढत खाली दाण्यापर्यंत उतरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही तिथे दात पडलेला.

सकाळी नऊच्या सुमाराला, पानांवरचं पाणी सुकल्यावर, ताटाला हलका हिसका दिला. डोंगरावर धुकं उतरावं तशी पिवळी धूळ डांगराच्या पानांवर बसली. मधमाश्या पराग गोळा करायला तुऱ्यावर होत्या. मक्याला त्यांची गरज नाही, पण पाठोपाठ डांगर फुलणार आहे. त्यांचा इकडे येण्याचा परिपाठ पडला तर बरंच.

पश्चिमेला तात्यांचं शेत आहे, कुंपणापासून जेमतेम शंभर फूट. त्यांनीही मकाच केला आहे, दाण्याचा, कोंबडीखाद्याला जाणारा. त्यांचेही तुरे आजच बाहेर दिसतात. वारा पश्चिमेचा. आधी लक्षात यायला हवं होतं.

१० ऑगस्ट
डांगराची नर फुलं, आज ६. पहिले आठ-दहा दिवस नरच येतात. लोक घाबरतात, फुलं गळतात म्हणून औषध आणतात. ती गळायचीच. चार ठेवून बाकीची बेसनात घोळवून भजी केली.

१७ ऑगस्ट
पहिलं मादी फूल काल संध्याकाळी ओळखलं. पाकळ्यांच्या खाली लिंबाएवढं हिरवं डांगर असतं, नराच्या खाली नुसता लांब दांडा. कळी पिवळी पडून टोकाशी जरा सैल झाली की दुसऱ्या दिवशी उमलणार. रात्री पावसाची चिन्हं होती. पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि हे फूल एकच सकाळ उघडं असतं. म्हणून रात्रीच कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधली, शेजारच्या दोन नर कळ्यांवरही.

सव्वासहाला गेले. भुरभुर पाऊस. छत्री धाकटीच्या हातात. नर फूल खुडलं, पाकळ्या सोलून टाकल्या, मधे उभा राहिला पिवळा दांडा, त्यावर पीठ लावल्यासारखा पराग. मादी फुलाची पिशवी सोडली. आत मधोमध तीन जाड, दुहेरी पाकळ्यांसारखी टोकं असतात, थोडी चिकट, केशरी. तिन्ही टोकांना तो दांडा हळू फिरवला. एका टोकाला लागून भागत नाही. तिन्हीकडे पुरेसा पराग पडला नाही तर फळ एका अंगानं वाकडं होतं, किंवा आठ दिवसांनी पिवळं पडून गळतं. दुसऱ्या नर फुलानं पुन्हा एकदा केलं. परत पिशवी, भिजू नये म्हणून.

नऊ वाजता आभाळ उघडलं तेव्हा नर फुलांवर सातेरी मधमाश्या आल्या, आणि मुंगीएवढी पोयाची माशीही. दहाच्या आत फुलं मिटायला लागली. म्हणजे मधमाश्यांना मिळाला एक तास. खरिपात डांगर लावणाऱ्यानं महिनाभर तरी सकाळी सहा ते आठ परसात असावं, एवढं माझं ठाम मत आहे. खत, पाणी सगळं असून पावसाळ्यात डांगर धरत नाही याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा सापळा कुंपणाला टांगला. तो नर माश्या ओढतो, पण मादी अंडी घालायची ती घालतेच. म्हणून फळ धरल्याचं दिसलं की जुन्या ओढणीची पिशवी दहा-बारा दिवस, साल निबर होईपर्यंत.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी
टोकणीला ७८ दिवस.

पहाटे आई माझ्याबरोबर परसात आल्या. गुडघे दुखतात, तरी आल्या. कणसाचे केस तपकिरी सुकलेले, पण टोकाची पानं हिरवी. एक कणीस ताटावरच जरा सोललं, दाण्याला नख लावलं. दुधासारखा रस आला. पाण्यासारखा आला तर कच्चं, पिठासारखा आला तर उशीर. आईंनी स्वतः नख लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर अगदी वेळेवर झालं."

डांगर पिकलेलं नव्हतं, कसं असेल, अकरा दिवसांचं फळ. पण एका वेलावर दोन फळं जवळजवळ धरली होती, त्यातलं एक काढायचंच होतं. १ किलो १०० ग्रॅम, हिरवं, कोवळं. मी विचारलं, "आई, पिकलेलं बाजारातून आणू का?" त्या म्हणाल्या, "घरचं आहे ना? मग कोवळं तर कोवळं." त्याची आठ-दहा पानं, कोवळे शेंडेही घेतले. अळू, भेंडी, दोडका, माठ, सुरण परसातलं आणि शेजारणीकडचं. मक्याचे दोन बोटांचे तुकडे. तेल नाही, मसाला नाही, मिरची आणि चिंच.

भाजी शिजत असताना एक विचार मनात घोळत राहिला. मका आणि डांगर दोन्ही समुद्रापलीकडून आलेले, पोर्तुगीज आल्यानंतरचे. आणि ऋषींच्या नावानं रांधायच्या भाजीत त्यांना मानाची जागा आहे. शेतात त्यांना बैल लागला असता, परसात कुदळ पुरली, म्हणून त्या परक्या पिकांना या ताटात येता आलं. कुणा बाईनं ते पहिल्यांदा आपल्या परसात टोकलं असेल, कणीस सोलून बघितलं असेल, आणि हे आपलं म्हणून भाजीत घातलं असेल. तिचं नाव कुणाला माहीत नाही. मला तिचा फार आदर वाटतो.

एक उणी नोंदही करते. दुपारी उकडलेलं कणीस खाताना धाकटी म्हणाली, "आई, काही दाणे गोड आहेत आणि काही पिठूळ." मी तिच्या हातातलं चाखलं. खरं आहे. ते कणीस पश्चिमेच्या ओळीतलं होतं. दोन कणसं वाळायला ताटावरच ठेवली, एक पश्चिमेच्या ओळीत, एक पूर्वेच्या, लाल दोरा बांधून.

५ सप्टेंबर
बाकीची कणसं काढून झाली. भरलेली ३९. नुसत्या मक्याच्या तुकड्यात २४ ताटांची २२. म्हणजे ताटामागे बघितलं तर नुसता मका थोडा पुढेच आहे, डांगराच्या सोबतीनं मका वाढला असं मला म्हणता येत नाही. त्याचं फार नुकसान झालं नाही, आणि खाली डांगर फुकट मिळतं आहे, एवढं म्हणते.

दोरा बांधलेली दोन सोडून ताटं जमिनीपासून वीतभर ठेवून कापली, तात्यांच्या गाईला. उपटली नाहीत, डांगराची मुळं शेजारीच आहेत.

१६ सप्टेंबर
ताटं गेल्यावर डांगराला पूर्ण ऊन मिळालं आणि आठ दिवसांत वेलांनी वाफा झाकून टाकला. नवी मादी फुलं येत आहेत, पण आता धरलेलं फळ पिकणार नाही. शेंडे खुडून भाजीला घेते. जुन्या पानांवर भुरी. ती पानं काढली, ताकाचं पाणी शिंपडलं. वेलाचं वय झालं आहे, फार मागे लागले नाही.

फळं सहा. प्रत्येकाखाली विटेचा तुकडा आणि त्यावर उसाचं पाचट.

२९ सप्टेंबर
दोन दिवस धुवाधार. परसात पाणी घोट्याएवढं होतं. विटेवरची पाच वाचली. एक वीट कलंडली होती, ते फळ चिखलात बसलं आणि बुडाशी मऊ पडलं. कापून बघितलं, आतला अर्धा गर चांगला होता, त्याचे घारगे केले. लाल दोऱ्याची कणसं पावसाच्या आधीच आणून स्वयंपाकघरात टांगली होती, ते बरं झालं.

१२ ऑक्टोबर
डांगरं काढली. देठ सुकून बुचासारखा झालेला, साल अशी की नख रुतत नाही, आणि वर राखेसारखी पांढरट झाक. देठ दोन बोटं ठेवून कापायचा. देठ मोडला तर तिथून कुजायला सुरुवात होते. ४.२, ३.८, ३.१, २.९ आणि २.४ किलो. एकूण १६.४. तीन आळ्यांत. सर्वांत मोठं ते १७ ऑगस्टच्या सकाळचं. गोल, कुठेही वाकडं नाही. बियांसाठी तेच ठेवलं. आठ दिवस ओसरीत, मग माळ्यावर, एकमेकांना न टेकवता.

२ नोव्हेंबर
दिवाळी आटोपली, आज दोन्ही कणसं सोलून ताटलीत घेतली. वाळल्यावर फरक डोळ्यांना दिसतो, चाखायची गरजच नाही. गोड दाणा बियाण्यासारखाच सुरकुतलेला आणि पारदर्शक. तात्यांच्या मक्याचा पराग ज्याला मिळाला तो दाणा भरलेला, गुळगुळीत, पिवळाधमक. गोडीचा गुण दबका असतो. दोन्ही बाजूंनी मिळाला तरच उतरतो, एका बाजूनं साधा मका आला की दाण्यात साखरेचं पीठ होतं. एकाच कणसावर प्रत्येक दाण्याचा बाप वेगळा असू शकतो, आणि तो असा उघड दिसतो.

धाकटी आणि मी मिळून मोजले. पश्चिमेच्या ओळीतलं कणीस: १४ ओळी, ४३८ दाणे, त्यात ९७ भरलेले. पूर्वेच्या ओळीतलं: १६ ओळी, ४७० दाणे, ४१ भरलेले. अवघ्या साडेसात फुटांच्या अंतरात निम्म्याहून कमी. मधल्या ताटांनी आणि त्यांच्या स्वतःच्या परागानं तेवढं झाकलं. (कणसावरच्या ओळी नेहमी सम असतात, हेही धाकटीनं पडताळून घेतलं.)

परसात अंतर वाढवता येणार नाही, कुंपण आहे तिथे आहे. वेळ पुढेमागे करता येईल. दोघांच्या तुऱ्यांत पंधरा-वीस दिवसांचं अंतर पडलं की काम झालं. पुढच्या वर्षी ऋषिपंचमी सप्टेंबरच्या मध्यावर येते, अधिक महिना आहे. म्हणजे माझी टोकणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, डांगर जुलैच्या मध्याला. तात्या मृगातच पेरतात.

ताटली घेऊन तात्यांकडे गेले, दोन्ही प्रकारचे दाणे दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक उचलून बघितला. म्हणाले, "सूनबाई, हे आमच्या वाऱ्यानं केलं होय?" मग पुढच्या वर्षीचं सांगितलं. ते म्हणाले, "पेरायच्या आदल्या दिवशी कुंपणावरून हाक मारतो. तारीख लिहून ठेव."

वहीच्या पुढच्या पानावर जागा सोडली आहे.